जुनी बंदूक वाचायची कशी?

दौंड तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान मंडळाच्या तासाला नववीतल्या एका मुलाने प्रश्न विचारला : "सर, आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर एक लांब बंदूक सापडली आहे. आजोबा म्हणतात, ती लढाईतली आहे. ती किती जुनी ते कसे ओळखायचे? आणि तिच्या गोळ्या आता मिळत नसतील, तर त्या करता येतील का?"

वर्गात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्याचा पहिला भाग इतिहासाचा आणि निरीक्षणाचा आहे, दुसरा पदार्थविज्ञानाचा आणि रसायनाचा. पहिल्याचे उत्तर कोणीही चौकस माणूस बऱ्याच अंशी देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर "नाही" असे आहे. मात्र नुसते "नाही" म्हणून मुले थांबत नाहीत. का नाही, हे त्यांना समजावून द्यावे लागते.

सुरुवातीलाच एक नियम सांगून ठेवू. अशी वस्तू सापडली तर ती हलवायची नाही, तिचा घोडा किंवा चाप ओढून पाहायचा नाही, नळीत डोकावायचे नाही, की काही खुपसायचे नाही. ठासणीच्या बंदुकीत शंभर वर्षांपूर्वी भरलेला बार तसाच राहून गेलेला असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर किती वर्षे गेली याची तिला फिकीर नसते. पोलीस ठाण्याला कळवावे. तेथील शस्त्रांचा जाणकार कारागीर, म्हणजे आर्मरर, ती रिकामी असल्याची खात्री करील. आपले वाचन त्यानंतर सुरू होते.

पहिला प्रश्न : बार कोठून भरतात?

कोणतीही बंदूक पाहताना आधी तिच्या नळीच्या मागच्या टोकाकडे पाहावे. ते टोक कायमचे बंद असेल, तर दारू आणि गोळी पुढून, नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागते. ही ठासणीची बंदूक. नळीखाली गज ठेवण्याची खाच असतेच. मागचे टोक उघडता येत असेल, तर ती काडतुसाची बंदूक. लष्करी बंदुकांच्या बाबतीत ही सीमारेषा ढोबळमानाने १८६० ते १८७० च्या दशकात पडते. एवढ्या एका निरीक्षणाने बंदुकीचे शतक अर्धेअधिक ठरते.

दुसरा प्रश्न : ठिणगी कोठून येते?

ठासणीच्या बंदुकांत दारू पेटवण्याच्या तीन मुख्य पद्धती होत्या. सर्वांत जुनी तोड्याची. सोरा मुरवलेली सुताची दोरी, म्हणजे जामगी, धुमसत ठेवायची. चाप ओढला की तिचे टोक कानाजवळच्या रंजकावर टेकायचे. दुसरी चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा असतो, तो पोलादी पट्टीवर आपटून ठिणग्या पाडतो. तिसरी टोपीची. तांब्याच्या इवल्याशा टोपीत आघाताने पेटणारे रसायन असते आणि घोडा तिच्यावर आपटतो. टोपीची पद्धत ब्रिटिश लष्करात १८४० च्या सुमारास रूढ झाली.

पुणे जिल्ह्याच्या इतिहासात यांतल्या पहिल्या दोन पद्धती समोरासमोर आल्या होत्या. घोडनदीकाठच्या शिरूरला कंपनीच्या लष्कराची छावणी होती. तिथून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली एक तुकडी पुण्याच्या दिशेने निघाली आणि १ जानेवारी १८१८ च्या सकाळी भीमेकाठी कोरेगावला पोचली. तिथे पेशव्यांच्या सैन्याशी तिची दिवसभर लढाई झाली. कंपनीच्या पायदळाकडे चकमकीच्या बंदुका होत्या. पेशव्यांच्या बाजूने लढणारे अरब शिपाई तोड्याच्या बंदुकांसाठी प्रसिद्ध होते. या लढाईचा स्तंभ आज कोरेगाव भीमाला उभा आहे. त्यावरील नावांत महार सैनिकांची नावे मोठ्या संख्येने आहेत, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे भेट दिली होती.

कंपनीच्या शिपायाची बंदूक कशी होती? नळीचा आतला व्यास पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. शिशाची गोळी मात्र सुमारे साडेसतरा मिलिमीटरची. दीड मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली असे. काळी दारू जळली की नळीत भरपूर काजळी साचते. गोळी घट्ट बसणारी असती, तर चार-पाच बारांनंतर ती आत ठासताच आली नसती. सैल गोळीमुळे कवायत केलेला शिपाई मिनिटाला तीनेक बार काढू शके, पण नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा राहत नसे. तोड्याच्या लांब नळीच्या बंदुकीचा पल्ला पुष्कळदा जास्त असे, परंतु ती भरायला वेळ लागे.

तिसरा प्रश्न : नळी आतून कशी आहे?

भोवरा फिरत असला की उभा राहतो, थांबला की पडतो. हेच तत्त्व नळीत वापरले गेले. नळीच्या आत जिन्यासारख्या वळत जाणाऱ्या खाचा कोरल्या, तर त्यांत अडकून गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि हवेत डोके पुढे ठेवून सरळ जाते. अशा खाचांची बंदूक म्हणजे रायफल. अडचण एवढीच, की खाचांत बसायला गोळी घट्ट हवी आणि पुढून ठासायला सैल हवी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर यावर तोड निघाली. गोळी लांबट आणि बुडाशी पोकळ केली. ठासताना ती सैल असते. बार उडाला की वायूच्या दाबाने तिचे बूड फुलते आणि खाचांत घट्ट बसते. १८५३ ची एन्फील्ड रायफल याच तत्त्वावर चाले. तिच्या कागदी काडतुसाला लावलेल्या चरबीवरून १८५७ मध्ये काय घडले, ते आपण इतिहासात शिकवतोच.

त्यानंतरची गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात सहसा नसते. १८५७ नंतर हिंदी पलटणींना जी बंदूक दिली गेली, ती बाहेरून पाहता एन्फील्ड रायफलसारखीच होती, पण तिच्या नळीत खाचा नव्हत्या. आतून गुळगुळीत नळी, म्हणून पल्ला कमी, नेम कमी. पुढेही बराच काळ हेच धोरण राहिले. गोऱ्या पलटणींना नवी बंदूक मिळाली, की त्यांची जुनी हिंदी पलटणींकडे येई. राज्यकर्त्यांचा अविश्वास असा नळीच्या आत कोरलेला, किंवा न कोरलेला, सापडतो. म्हणूनच बंदुकीवरचे साल हे तिच्या जन्माचे साल असते. ती आपल्याकडे कधी वापरात आली, ते त्यावरून कळत नाही.

चौथा प्रश्न : अक्षरे काय सांगतात?

लष्करी बंदुकांवर ठसे पुष्कळ असतात. चकमकीच्या पट्टीवर बदामाच्या आकाराचे चिन्ह असेल, तर ती ईस्ट इंडिया कंपनीची. कंपनीने पुढे मागच्या पायांवर उभ्या सिंहाचे चिन्ह वापरले. मुकुटाखाली व्ही. आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया. ई. आर. म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी. आर. आय. म्हणजे सम्राट जॉर्ज, पाचवा किंवा सहावा. कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात झालेल्या रायफलींवर मुकुट, जी. आर. आय., ईशापूर आणि साल असे ठसे एकाखाली एक दिसतात. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह व आर. एफ. आय. ही अक्षरे आली.

ठसे नकलीही असतात. वायव्य सरहद्दीवरचे कारागीर इंग्रजी बंदुकांच्या हुबेहूब नकला करत आणि ठशांसकट करत. पण अक्षरओळख नसल्याने कधी एन हे अक्षर उलटे पडे, तर कधी व्ही. आर. खाली १९०७ असे साल येई. आता विचारा मुलांना : व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, मग ही बंदूक खरी कशी?

पाचवा प्रश्न : काडतूस कोणते?

काडतुसात चार गोष्टी असतात : पितळेचे कोठार, बुडाची टोपी, दारू आणि गोळी. यांत सर्वांत हुशार भाग कोठार. बार उडाला की पातळ पितळ फुगून नळीच्या कोठीला चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ते किंचित आकसते, म्हणून रिकामे कोठार बाहेर काढता येते. फुगावे पण फाटू नये, आकसावे पण अडकू नये, यासाठी सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असलेले पितळ वापरतात.

ठासणीच्या एन्फील्डचे मागचे टोक कापून तिथे झडप बसवली, ती स्नायडर. दस्त्याखालची कडी ओढून उघडायची, ती मार्टिनी-हेन्री, १८७१ ची. मागेपुढे सरकणारा बोल्ट आणि खाली गोळ्यांची पेटी असलेली ती ली-मेटफर्ड, १८८८ ची. तिचीच सुधारित वंशज ली-एन्फील्ड, म्हणजे आपली "थ्री-नॉट-थ्री". तीनशे तीन म्हणजे नळीचा व्यास ०.३०३ इंच, ७.७ मिलिमीटर. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत मोडतो. ही रायफल राज्याराज्यांच्या पोलिसांनी कित्येक दशके वापरली. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट असल्याने तिथल्या जुन्या मंडळींना ती परिचयाची असेल.

आता गंमत पाहा. बाहेरून थ्री-नॉट-थ्रीसारख्याच दिसणाऱ्या आणखी तीन बंदुका आहेत.

एक, पहारेकऱ्यांसाठी केलेली चारशे दहाची बंदूक. थ्री-नॉट-थ्रीचीच नळी आतून गुळगुळीत आणि रुंद केलेली. तिचे काडतूस थ्री-नॉट-थ्रीच्या कोठारापासून बनवलेले. शिकारीच्या चारशे दहा काडतुसाचे नाव तेच, पण मापे वेगळी.

दोन, १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरला झालेली ७.६२ मिलिमीटरची रायफल. तिची गोळ्यांची पेटी चौकोनी असते. नवे काडतूस जास्त दाबाचे, म्हणून तिच्यासाठी पोलादही जास्त ताकदीचे घेतले. आकार जुना, धातू नवा.

तीन, डी. पी. असा ठसा असलेली रायफल. म्हणजे फक्त कवायतीसाठी. एन. सी. सी. च्या मुलांना ती ठाऊक असते. वापराला अयोग्य ठरल्यामुळेच ती कवायतीला दिलेली असते.

चौघी बहिणी एका चेहऱ्याच्या. काडतूस मात्र प्रत्येकीचे निराळे, आणि चौथीला तर मुळीच नाही. इथे चूक झाली तर काय होईल, यासाठी थोडे गणित करू.

दाबाचे गणित

थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीचे वजन ११.३ ग्रॅम आणि नळीतून सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर. गतिज ऊर्जा काढली तर ती ३,१०० जूलच्या आसपास येते. ही सगळी ऊर्जा गोळीला साधारण ६० सेंटिमीटर अंतरात मिळते. म्हणजे सरासरी बल झाले ५,००० न्यूटनहून थोडे जास्त, अर्धा टन वजनाइतके. हे झाले सरासरीचे. दाब सुरुवातीला एकदम चढतो आणि मग उतरतो. त्याचे शिखर सुमारे ३,००० वातावरणांपर्यंत जाते. गोळीच्या बुडाचे क्षेत्रफळ ०.४७ चौरस सेंटिमीटर धरले, तर त्या क्षणी बल येते सुमारे १,४०० किलोग्रॅम वजनाइतके. जेवढे बल गोळीला पुढे ढकलते, तेवढाच जोर मागच्या बोल्टवरही येतो, आणि बोल्टच्या मागे काही इंचांवर माणसाचा चेहरा असतो. घरच्या प्रेशर कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा फक्त एका वातावरणाइतका दाब जास्त असतो आणि तरीही आपण त्याला सुरक्षा झडप बसवतो, हे लक्षात घ्यावे.

हा सगळा प्रकार दोन सहस्रांश सेकंदांच्या आत आटोपतो. त्यात आणखी एक मेख आहे. बिनधुराची दारू जितक्या दाबाखाली असते, तितकी ती वेगाने जळते. वेगाने जळली की दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते. त्यामुळे दारूचे प्रमाण, गोळीची घट्टता किंवा कोठीची मापे यांत लहानसा फरक पडला, तरी दाबात होणारा फरक लहान राहत नाही. स्वयंपाकात चिमूटभर मीठ जास्त झाले तर भाजी खारट होते. इथे अंदाज चुकला तर नळी फाटते. जुन्या काळ्या दारूच्या बंदुकीत नवी दारू वापरणाऱ्यांच्या बंदुका अशाच फुटतात. कारखान्यात म्हणूनच प्रत्येक खेपेतले नमुने दाब मोजणाऱ्या खास नळ्यांतून उडवून पाहतात. माळ्यावरच्या बंदुकीचे पोलाद किती गंजले, कोठी किती झिजली, हे डोळ्यांना दिसत नाही.

पागेतली काडतुसे

कारखान्यातून नीट तपासून निघालेले काडतूससुद्धा पुढे दगा देऊ शकते. याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे. ब्रिटिश काळात इथल्या लष्कराला एक विचित्र अनुभव येई. पावसाळा संपल्यावर साठ्यातली पितळी काडतुसे आपोआप तडकलेली सापडत. कोणी त्यांना हातही लावलेला नसे. पावसाळ्यात लष्करी हालचाली थांबत, तेव्हा काडतुसे पागांमध्ये साठवून ठेवत. "ऋतूमुळे तडा जातो" अशा अर्थाचे नावच या दोषाला पडले.

कारणाचा उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी केला. दोषी होता घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया. दमट हवेत तो पितळातल्या तांब्याशी संयोग पावतो. पण एवढ्याने तडा जात नाही. कोठार तयार करताना पितळेची चकती साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून नळीसारखी करतात, तेव्हा धातूत ताण अडकून राहतो. ताण आणि अमोनिया एकत्र आले की सूक्ष्म भेगा पडून वाढत जातात. दोहोंपैकी एकच असता, तर काही बिघडले नसते. उपायही त्यातूनच निघाला : काडतुसे अमोनियापासून दूर ठेवायची आणि कोठारे बेताने तापवून अडकलेला ताण घालवायचा. आज पूल, बॉयलर, विमाने यांच्या बाबतीत अभियंते ज्या "ताण आणि गंज" यांच्या संयुक्त दोषाची काळजी घेतात, त्याच्या अभ्यासाची एक सुरुवात ही अशी घोड्यांच्या पागेत झाली.

एवढे ज्ञान, एवढी काळजी असूनही काडतुसे फसत होती. मग जुने, काळवंडलेले काडतूस किंवा कोणी अंदाजाने भरलेले काडतूस किती भरवशाचे, हे वेगळे सांगायला नको.

कायदा काय म्हणतो?

१९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बाळगायला परवाना लागतो आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गंभीर गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या ४५ व्या कलमात एक सवलत आहे : कालबाह्य बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा नादुरुस्त शस्त्र, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. शेवटची अट पुन्हा वाचावी. बंदूक जुनी असणे पुरेसे नाही. ती कधीच उडू न शकणारी असली पाहिजे. म्हणजे तिच्यासाठी गोळ्या करू पाहणारा माणूस स्वतःच्याच हाताने तिचे "जुनेपण" घालवतो. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचाही विचार करावा लागतो. हा निवाडा आपण करायचा नसून संबंधित अधिकाऱ्यांनी करायचा आहे.

वर्गात करण्याजोगे

१. शिकारी बंदुकीला "बारा बोअर" म्हणतात. अर्थ असा, की नळीत बसणाऱ्या बारा गोल शिसगोळ्यांचे वजन एक पौंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम भरते. शिशाची घनता ११.३४ धरून गोळीचा व्यास काढा. उत्तर साडेअठरा मिलिमीटर आले पाहिजे. आता कंपनीच्या शिपायाच्या साडेसतरा मिलिमीटरच्या गोळीचे वजन काढा. ते ३२ ग्रॅमच्या आसपास येईल.

२. तांब्याची मऊ तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवा. ती हळूहळू कडक होऊन तुटते. तोच प्रयोग दुसऱ्या तारेवर करा, पण मध्येच शिक्षकांनी ती चिमट्यात धरून ज्योतीवर लाल करून गार होऊ द्यावी. ती पुन्हा मऊ होते. कोठारे ओढताना मधूनमधून का तापवतात, ते यावरून कळेल.

३. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे आहेत. सहलीत तिथे थांबून मुलांना वरील पाच प्रश्न वहीत लिहायला सांगा आणि काचेआडच्या प्रत्येक बंदुकीपुढे जमतील तेवढी उत्तरे शोधू द्या.

त्या नववीतल्या मुलाला शेवटी एवढेच सांगितले, की तुझ्या माळ्यावर हत्यार नसून एक कागदपत्र आहे. ते लोखंडात आणि लाकडात लिहिलेले आहे. कागदपत्र वाचायचे असते, जाळून पाहायचे नसते. दुसऱ्या दिवशी तो वडिलांना घेऊन पोलीस ठाण्यात गेला. परत आला तेव्हा त्याच्या वहीत चार ठशांची चित्रे काढलेली होती, आणि त्यांखाली त्याने स्वतःच एक प्रश्न लिहिला होता : "सर, साल १८६१ आहे आणि नळी आतून गुळगुळीत आहे. ही आमच्याकडे कोणी आणली असेल?"